पांढरी बेल, पिवळी स्लाइड: जुन्या चांदीच्या ट्रॉम्बोनचं जॅझवाल्यांना एवढं वेड का?

जॅझ ट्रॉम्बोन वाजवणारे दोघं भेटले आणि एकाच्या पेटीतून जुना किंग, म्हणजे किंग या अमेरिकी बनावटीचा ट्रॉम्बोन निघाला, की पुढची दहा मिनिटं संगीताचं नावही निघत नाही. दुसरा आधी वाद्याचं तोंड उजेडाकडे धरतो, त्यावरची नक्षी निरखतो, नक्षीत 'स्टर्लिंग' हा अस्सल चांदीची खूण असलेला शब्द शोधतो. सापडला की मान डोलावतो. मग नखाने हलकी टिचकी मारून कान लावतो आणि पुन्हा मान डोलावतो. वाजवून बघायची पाळी यानंतर येते.

तिऱ्हाइताला हा प्रकार गमतीचा वाटेल. आवाज निर्माण होतो ओठांतून, घुमतो नळीतल्या हवेत आणि पोचतोही हवेतूनच. मग पुढचा कर्णा चांदीचा असला काय आणि पितळेचा असला काय? हा प्रश्न दिसतो तितका बाळबोध नाही. ध्वनिशास्त्रातली माणसं त्यावर शंभरहून अधिक वर्षं भांडत आहेत, आणि वादकांना त्या भांडणाचं फारसं सोयरसुतक नाही. त्यांनी आपला कौल कधीच देऊन टाकलाय. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. कुठे आणि किती, ते सांगण्यासाठी आधी वाद्य उघडून बघायला हवं.

ट्रॉम्बोन म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर लांबीची, दोनदा दुमडलेली नळी. एका टोकाला छोट्या पेल्यासारखा माउथपीस, दुसऱ्या टोकाला फुलासारखं उमलत गेलेलं तोंड. त्याला बेल म्हणतात. मधला भाग दुहेरी नळ्यांचा असतो. आतल्या नळ्या जागेवर राहतात, बाहेरच्या त्यांच्यावरून पुढेमागे सरकतात. ही स्लाइड. ओठ माउथपीसवर टेकवून फुरफुरवले की नळीतली हवा त्या फुरफुरीतली तिच्या मापाला जुळणारी कंपनं तेवढी उचलून धरते, आणि स्वर बोलतो. स्लाइड लांबवली की नळी लांबते आणि स्वर उतरतो. सात जागा मानलेल्या आहेत. पहिलीपासून सातवीपर्यंत हात सुमारे दोन फूट जातो, आणि वाटेत कुठेही पडदा नाही, खूण नाही. जे काही आहे ते कानात आणि कोपरात. म्हणून मींड या वाद्याच्या अंगचीच आहे आणि बेसूर व्हायची भीतीही.

जॅझने हे वाद्य उचललं ते या मींडेसाठीच. न्यू ऑर्लिन्समध्ये बँड गाडीवर बसून गावभर वाजवत फिरायचे, तेव्हा ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या फळीपाशी बसवत, कारण स्लाइडला मोकळी जागा हवी. त्या घसरत्या, खट्याळ वादनाला त्या फळीवरूनच 'टेलगेट' हे नाव पडलं. किड ओरी हा त्यातला बिनीचा वादक. पुढे टॉमी डॉर्सीने हेच वाद्य गायकासारखं गायला लावलं. त्याची लांबलचक, न तुटणारी ओळ ऐकून, त्याच्या बँडमध्ये १९४० ते १९४२ गाणारा फ्रँक सिनात्रा दमसास शिकला, असं सिनात्रा स्वतःच सांगायचा. मग १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात जे. जे. जॉन्सन आला आणि बीबॉप या जॅझशैलीची वेगवान तानबाजी त्याने स्लाइडवर इतकी स्वच्छ काढली, की निव्वळ रेकॉर्ड ऐकणाऱ्यांना वाटायचं, हा कळांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा ट्रॉम्बोन असणार.

या सगळ्यांना वाद्याकडून जे हवं होतं ते सिंफनी ऑर्केस्ट्रातल्या वादकापेक्षा वेगळं होतं. तिथे ट्रॉम्बोनने भिंतीसारखं उभं राहायचं असतं, रुंद आणि भारदस्त. जॅझमध्ये त्याने बोलायचं असतं. हळू वाजवताना ऊब हवी, जोर लावला की धार हवी, आणि या टोकापासून त्या टोकाला क्षणात जाता आलं पाहिजे. ही गरज आधी लक्षात घेतली नाही तर चांदीची पुढची सगळी चर्चा नुसती सराफीची होऊन बसते.

धार येते कुठून

ट्रॉम्बोन जोरात वाजवला की त्याचा आवाज नुसता मोठा होत नाही, त्याची जातच बदलते. गोलाई जाऊन त्यात तडतडणारी, फटाकडी धार येते. याचं कारण विसाव्या शतकाच्या शेवटी शास्त्रज्ञांनी नीट मांडून दाखवलं. १९९६ मध्ये हिर्शबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांचा ट्रॉम्बोनमधल्या आघात-लहरींवरचा शोधनिबंध आला.

समुद्राची लाट किनाऱ्याकडे येताना आठवा. लाटेचा माथा पायथ्यापेक्षा वेगाने पुढे सरकतो, लाट पुढून उभी होत जाते आणि शेवटी फुटते. नळीतल्या ध्वनिलहरीचंही जोरात वाजवताना असंच होतं. जास्त दाबाचा भाग किंचित वेगाने धावतो, पुढच्या कमी दाबाच्या भागाला गाठतो आणि लहरीचा चेहरा कड्यासारखा उभा होतो. उभी लहर म्हणजे वरच्या उपस्वरांची रेलचेल, आणि तीच आपल्या कानाला धार म्हणून कळते. हे घडायला लांब, सरळ, एकाच रुंदीची नळी लागते. ट्रॉम्बोनची स्लाइड नेमकी तशी आहे.

आता नळी जितकी अरुंद, तितका तोच जोर कमी जागेत कोंबला जातो आणि लाट लवकर उभी राहते. नळीच्या आतल्या व्यासाला बोअर म्हणतात. आजच्या सिंफनी ट्रॉम्बोनचा बोअर साधारण ०.५४७ इंच, म्हणजे १३.९ मिलिमीटर. किंग कंपनीच्या ३-बी मॉडेलचा ०.५०८ इंच. त्याहून लहान २-बीमध्ये स्लाइडची एक नळी ०.४८१ आणि दुसरी ०.४९१ इंचाची. मिलिमीटरमध्ये बघितलं तर फरक एक-दीडचाच; पण पोकळीचं क्षेत्रफळ काढलं तर सिंफनीचा ट्रॉम्बोन ३-बीपेक्षा सुमारे १६ टक्के आणि २-बीपेक्षा पाव हिश्शाहून थोडा जास्त मोठा भरतो. बेलही तशीच चढत जाते: २-बीची ७⅜ इंच, ३-बीची ८, सिंफनीच्या वाद्याची बहुधा ८½.

तेव्हा चांदीच्या जुन्या किंगमध्ये जॅझवाल्याला जे आवडतं, त्यातला मोठा वाटा या अरुंद बोअरचा आणि लहान बेलचा आहे. थोड्या फुंकरीत स्वर पेटतो, मायक्रोफोनसमोर हळू वाजवतानाही त्यात गर असतो, आणि स्लाइड हलकी असल्याने हात पळतो. हे सगळं साध्या पितळी बेलच्या किंगमध्येही असतं. चांदीला तिचं श्रेय देताना हा हिशेब आधी चुकता करावा, नाहीतर बोअरची कमाई चांदीच्या खात्यावर जमा होते. बऱ्याचदा होतेच.

क्लीव्हलंडची चांदी

किंगची गोष्ट अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहरातली. हेंडरसन व्हाइट याने १८९३ मध्ये तिथे आपला कारखाना उभा केला. ट्रॉम्बोनची घडण ठरवताना त्याने थॉमस किंग नावाच्या तिथल्याच एका वादकाची मदत घेतली आणि वाद्याला त्याचंच नाव दिलं. म्हणजे 'किंग' हा राजा नव्हे, आडनाव आहे. व्हाइट १९४० मध्ये वारला. पुढची पंचवीस वर्षं त्याची बायको एडना हिने कारखाना चालवला, आणि १९६५ मध्ये तो विकला गेला. त्यानंतरचं काम ईस्टलेकला गेलं. हे इतकं तपशीलवार सांगतोय कारण जुन्या वाद्याची पारख करताना लोक बेलवर आधी गावाचं नाव वाचतात. नक्षीत 'एच. एन. व्हाइट' आणि 'क्लीव्हलंड' असेल तर विकणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो.

याच कारखान्याने अस्सल स्टर्लिंग चांदीच्या बेल असलेली वाद्यं बनवली आणि 'सिल्व्हर सॉनिक' या नावाने ती प्रसिद्ध झाली. ट्रॉम्बोन होते, ट्रंपेट होते, सॅक्सोफोनही होते. चार्ली पार्करचा १९४७ सालचा किंग सुपर २० अल्टो सॅक्सोफोन आज वॉशिंग्टनमधल्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृतीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तेव्हा जॅझ आणि हा कारखाना यांचं नातं फक्त ट्रॉम्बोनपुरतं नाही. पण ट्रॉम्बोनमध्ये ते विशेष घट्ट झालं. जे. जे. जॉन्सन ३-बी वाजवायचा, डॉर्सीचं नाव २-बीशी जोडलं गेलं, आणि मग प्रत्येक धडपड्या पोराला किंगच हवा असायचा. चांदीची बेल ही त्यातली वरची पायरी. महाग, आणि हौसेने मागवावी लागणारी.

सिल्व्हर सॉनिक समोर आला की डोळ्यांत भरतो तो त्याचा दुरंगीपणा. स्लाइडच्या बाहेरच्या नळ्या, मागचं वळण, जोडाच्या पट्ट्या, हे सगळं पिवळं. बेल तेवढी पांढरी, तीही आरशासारखी नाही, किंचित दुधाळ. कित्येकांच्या बेलच्या आतल्या बाजूला सोन्याचा पातळ मुलामा असतो. समोरून बघणाऱ्याला सोनं दिसतं आणि बाजूने बघणाऱ्याला चांदी. मंचावरचे दिवे अंगावर आले की ते काय दिसत असेल, याची कल्पना कारखानदाराला पुरेपूर असणार. विकायचं कसं हे त्या काळच्या वाद्यवाल्यांना कुणी शिकवायला नको होतं.

इथे एक गोंधळ दूर करतो, कारण यात लोक फसतात आणि एकदा मीही फसलोय. पांढऱ्या दिसणाऱ्या ट्रॉम्बोनचे निदान तीन प्रकार आहेत. पहिला खरा चांदीच्या बेलचा. स्टर्लिंग म्हणजे ९२.५ टक्के चांदी, उरलेलं मुख्यतः तांबं. निव्वळ चांदी फार मऊ पडते म्हणून ही भेसळ. दुसरा पितळेवर चांदीचा मुलामा दिलेला. हा थर मायक्रॉनमध्ये मोजण्याइतका पातळ असतो, आणि तो सहसा सगळ्या वाद्यावर असतो, फक्त बेलवर नाही. म्हणून जो ट्रॉम्बोन नखशिखांत पांढरा आहे तो बहुधा मुलाम्याचा. हात लागून लागून जिथे झिजतो तिथे खालचं पिवळं डोकावतं. तिसरा प्रकार जर्मन सिल्व्हरचा. तांबं, जस्त आणि निकेल यांचा हा मिश्रधातू; त्यात चांदीचा कणही नसतो, फक्त नाव चांदीचं. मी पहिल्यांदा 'सिल्व्हर बेल' म्हणून जो उचलला तो यातला निघाला. विकणाऱ्याने खोटं काही सांगितलं नव्हतं, मी ऐकलं मात्र मला हवं तेच. लोहचुंबक घेऊन पारख करायला जाऊ नका. पितळ, चांदी, जर्मन सिल्व्हर, तिन्हींपैकी काहीच चिकटत नाही. त्यापेक्षा वाद्य काळवंडलंय का ते बघा. हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी चांदीवर काळपट थर चढतो; जर्मन सिल्व्हर तशी काळी पडत नाही, पिवळट, मळकट होते.

धातू बोलतो का?

आता मुद्द्याची गोष्ट. बेलचा पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो, काही वेळा त्याहून पातळ. इतक्या पातळ पत्र्यात चांदी आणि पितळ यांच्यात दोन फरक महत्त्वाचे. चांदी जड: एका घनसेंटीमीटरला सुमारे १०.४ ग्रॅम, पितळ साडेआठच्या आसपास. आणि चांदी कमी ताठ: तिला वाकवायला पितळेपेक्षा कमी जोर पुरतो. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढतात. जड आणि लवचीक पत्रा सावकाश थरथरतो. एकाच आकाराच्या, एकाच जाडीच्या दोन बेल घेतल्या आणि गणित मांडलं, तर चांदीच्या बेलची स्वतःची कंपनं पितळेच्या बेलपेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने खाली येतात. शुद्ध गंधारावरून षड्जावर उतरावं तितकी. टिचकी मारून जो फरक ऐकू येतो तो खरा आहे. नखाच्या टिचकीत चांदी आणि पितळ वेगळं बोलतात.

पण ट्रॉम्बोन टिचकीने वाजवत नाहीत. नळीतली हवा थरथरते तेव्हा ती पत्र्याला किती हलवणार? हवेच्या घनमीटरचं वजन सव्वा किलोच्या आसपास, पितळेच्या घनमीटरचं साडेआठ हजार किलो. वाऱ्याच्या झुळकीने दगडी खांब हलवण्यासारखं ते आहे. पत्रा हलतो तो मुख्यतः दुसऱ्याच वाटेने: ओठ माउथपीसवर आदळत असतात, ती थरथर धातूतूनच पुढे बेलपर्यंत जाते. बोट लावून बघा, बेल हाताला कंप पावताना कळते. कंप आहे हे कुणीच नाकारत नाही. भांडण आहे ते, तो कंप ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत पोचतो का, यावर.

या भांडणाचा पहिला मोठा खेळाडू योगायोगाने क्लीव्हलंडचाच. डेटन मिलर हा तिथल्या केस विज्ञानसंस्थेत भौतिकशास्त्र शिकवायचा आणि बासऱ्यांचा इतका नादी की त्याचा सतराशेच्या आसपास बासऱ्यांचा संग्रह आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. स्वतःसाठी त्याने सोन्याची बासरी घडवली होती. १९०९ मध्ये त्याने ऑर्गनच्या नळीवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. नळीची भिंत दुहेरी, मधे पोकळी. नळी वाजत असताना त्या पोकळीत हळूहळू पाणी भरायचं. पाणी चढत गेलं तसा स्वर आणि त्याचा पोत बदलत गेला. मिलरचा निष्कर्ष: भिंतीचा धातू आणि जाडी यांनी आवाज बदलतो. सोन्याची बासरी बाळगणाऱ्याला हाच निष्कर्ष आवडणार, अशी शंका मनात येते खरी, पण प्रयोग खोटा नव्हता. त्याच्या नळीच्या भिंती अगदी पातळ आणि सपाट होत्या, आणि सपाट पत्रा हवेच्या दाबाने सहज फुगतो-बसतो. ट्रॉम्बोनची नळी गोल असते, आणि गोल नळी दाबाला फार चिवट असते.

मग १९७१ मध्ये जॉन कोल्टमन याने बाजू उलटवली. त्याने तीन साध्या बासऱ्या केल्या: एक पातळ चांदीची, एक जाड तांब्याची, एक लाकडी. आतली मापं अगदी सारखी, फुंकायचा भाग तिघींनाही एकाच जातीच्या प्लास्टिकचा. ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. मग त्या एका फिरत्या चौकटीवर बसवल्या, म्हणजे वाजवणाऱ्याच्या हाताला वजन कळू नये. तेव्हा वाजवणाऱ्यांनाही ओळखता आल्या नाहीत. मला या प्रयोगातली ही दुसरी पायरी फार मोलाची वाटते. हाताला वजन कळेनासं झालं की धातूचं ज्ञानही गेलं.

ट्रॉम्बोनवर नेमका असा प्रयोग १९८० च्या दशकात इंग्लंडमध्ये रिचर्ड स्मिथने केला. आकार एकच आणि पत्र्याची जाडी वेगवेगळी अशा बेल घेऊन त्याने व्यावसायिक वादकांना डोळे बांधून वाजवायला दिल्या. त्यांनाही कुठली कुठली ते सांगता आलं नाही. दुसऱ्या बाजूने, अमेरिकेत टॉमस मूर आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी कृत्रिम ओठ लावून ट्रंपेट वाजवला, एकदा बेल मोकळी ठेवून आणि एकदा वाळूच्या पिशव्यांनी दाबून. यंत्रावर फरक दिसला: मूळ स्वर आणि वरचे उपस्वर यांचं प्रमाण थोडं बदललं. म्हणजे बेलच्या थरथरीचा काहीच परिणाम नाही असंही नाही. पण वाळूने गच्च दाबणं आणि पितळेऐवजी चांदी लावणं यांत पुष्कळ अंतर आहे.

हे वादकाला ऐकवलं की तो हसतो आणि म्हणतो, मला कळतं ना. आणि खरंच कळतं! फक्त त्याला जे कळतं ते सभागृहातल्या शेवटच्या रांगेत कळण्याची गरज नाही. ट्रॉम्बोन धरायची तऱ्हा डोळ्यांसमोर आणा. वाद्याचं सगळं ओझं डाव्या हातावर, बेल डाव्या गालाच्या बाजूने पुढे गेलेली, माउथपीस थेट दातांच्या समोर. वादक आपला आवाज तीन वाटांनी घेत असतो: खोलीतून परत येणारा, डाव्या कानाजवळच्या धातूतून येणारा, आणि ओठ, दात, कवटीतून थेट आत जाणारा. यातल्या दोन वाटा श्रोत्याला बंद आहेत. चांदी जड असल्याने वाद्याचा तोल किंचित पुढे जातो, हाताला कंप वेगळा लागतो, कानाजवळची कुजबुज वेगळी होते. आणि वादक ज्या आवाजाला प्रतिसाद देत वाजवतो तो हाच.

माझी बाजू इथे आहे. चांदीची बेल श्रोत्याच्या कानात आवाज क्वचितच बदलत असेल. ती वादकाला बदलते. वाद्य परत काय सांगतंय ते आवडलं की माणूस सैल होतो, फुंकर खोल जाते, स्लाइड हलकी चालते, आणि मग आवाज खरोखरच वेगळा येतो, रेकॉर्डवरही. डोळे बांधून, एकेक स्वर वाजवायला लावून केलेल्या चाचणीत हे सापडायचं नाही. तिथे वादन चाललेलंच नसतं.

याला पुष्टी देणारी एक गंमत बघा. चांदीच्या बेलचं वर्णन करायला दहा वादकांना सांगा. निम्मे म्हणतील आवाज गडद, मखमली. निम्मे म्हणतील चकचकीत, लांब पल्ल्याचा. काहीजण दोन्ही एका दमात म्हणतील: हळू वाजवताना गडद, जोरात चकचकीत. पण ते कुठल्याही चांगल्या अरुंद ट्रॉम्बोनचं वर्णन झालं, ते आपण लाटेच्या गोष्टीत बघितलंच. धातूने सगळ्यांना एकच आवाज दिला असता तर शब्दही एकाच बाजूला झुकले असते.

जुनंच का?

जुन्याचं कौतुक करताना एक गोष्ट लोक विसरतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे जे ट्रॉम्बोन आज हातात येतात ते त्या काळचे सरासरी ट्रॉम्बोन नव्हेत. भिकार होते ते केव्हाच मोडीत गेले. चांदीच्या बेलचे तर मुळातच महाग. ते घेणारा माणूस वाजवणाराच असायचा, जपायचा, पेटीत ठेवायचा. म्हणजे आपल्यापर्यंत आलेत ते गाळून गाळून आलेले. त्यावरून 'पूर्वी सगळंच चांगलं बनायचं' असं म्हणणं हे संमेलनाला आलेल्या माजी विद्यार्थ्यांवरून शाळेचा निकाल ठरवण्यासारखं आहे.

तरी हातकामाचा मुद्दा उरतोच. बेल बनवताना पत्रा कापून दुमडतात, कडा जोडतात, ठोकून आकार देतात, मग साच्यावर फिरवत दाबून पातळ करतात. प्रत्येक ठोक्याला धातू ताठरतो, म्हणून मधूनमधून ताव देऊन मऊ करावा लागतो. किती ताव आणि कधी, यात कारागिराचा हात दिसतो. त्यामुळे एकाच मॉडेलचे, एकाच वर्षीचे दोन किंगही सारखे निघत नाहीत. खरं सांगायचं तर त्या दोघांमधला फरक चांदी-पितळेच्या फरकाइतका सहज भरू शकतो. एखाद्याकडे अप्रतिम सिल्व्हर सॉनिक असेल तर तो चांदीमुळे अप्रतिम आहे की त्या विशिष्ट वाद्यामुळे, हे सांगायला त्याच वाद्याची पितळी जुळी बहीण लागेल. ती कुणाकडेच नाही.

घ्यायचाच असेल तर पहिलं लक्ष बेलवर नको, स्लाइडवर हवं. हे मी ज्याला भेटेन त्याला सांगतो आणि कुणी ऐकत नाही. बेल सुरेख आणि स्लाइड खरखरीत असेल तर ते वाद्य शोभेचं. स्लाइड माउथपीसची बाजू वर आणि वळण जमिनीकडे अशी उभी धरा, कुलूप काढा, बाहेरची नळी हाताने अलगद सोडत न्या. कुठे अडते का, कुठे घासल्याचा आवाज येतो का बघा. आतल्या नळ्यांच्या टोकांना, जिथे त्या किंचित जाड असतात, तिथला चकचकीत मुलामा उडून खालचा धातू दिसत असेल तर ते काम खर्चाचं. आतल्या दोन्ही नळ्या एकमेकींना समांतर नसतील तर कुठलंही तेल उपयोगाचं नाही. पिढ्यान्पिढ्या वादक स्लाइडला कोल्ड क्रीमचा पुसटसा हात देऊन वरून पाण्याचा फवारा मारत आले. नळ्या सरळ असतील तर आजही तेवढ्यावर भागतं.

माउथपीस जिथे बसतो तिथल्या नळीवर गुलाबी ठिपके दिसले तर जपून. पितळेतलं जस्त निघून जाऊन तांबं उघडं पडल्याची ती खूण. आतून कुजत आलेली ती जागा कधीतरी भोक पाडणार. बेलच्या मानेशी, जिथे वळण सुरू होतं, तिथे बोट फिरवा. चांदी मऊ असल्याने पोचे लवकर पडतात, आणि दुरुस्त करणारा ते आतून घासून काढतो तेव्हा पत्रा आणखी पातळ होतो. तीन-चारदा दुरुस्त झालेली बेल उजेडात तिरकी धरली की पाण्यावरच्या तरंगासारखी दिसते. तिला चांदीचा भाव देऊ नये.

दोन वाद्यांत निवड करायची असेल तर मित्राला पाठमोरं उभं करा आणि दोन्हींवर तीच चाल वाजवा, सांगू नका कुठलं कुठलं. मग त्याच्या हाती द्या आणि तुम्ही पाठमोरे उभे राहा. बहुतेक वेळा दोघांचे कौल जुळत नाहीत. अशा वेळी माझं मत विचाराल तर वाजवणाऱ्याचा कौल धरावा. पुढची कित्येक वर्षं ते वाद्य त्याच्या डाव्या कानाशी असणार आहे.

घरी आणल्यावर मोह होतो तो लगेच घासून लख्ख करायचा. थांबा. प्रत्येक पॉलिशबरोबर चांदीचा एक पापुद्रा जातो आणि पहिली झिजते ती नक्षी, कारण ती मुळातच उथळ कोरलेली असते. आत सोन्याचा मुलामा असेल तर त्याला पॉलिश लावूच नये, दोन-चार वेळांत तो साफ उडून जातो. वाजवून झालं की कोरड्या मऊ कापडाने घामाचे ठसे पुसायचे आणि पेटी बंद करायची. रेघांमध्ये थोडं काळं राहू द्यावं. त्यामुळेच 'स्टर्लिंग' हा शब्द लांबून वाचता येतो.